लावण्याआधी पाहावे

मराठीत कातडीच्या दुखण्यांना किती नावे आहेत, याची एका पावसाळी दुपारी, दवाखान्यात कोणी नसताना, मी यादी करायला बसलो. पुरळ, पुटकुळी, गांधी, चट्टा, घामोळे, खरूज, नायटा, गजकर्ण, इसब, शिबे, कोड, नागीण, धावरे, करट, केसतूड, चामखीळ, कुरूप, चिखल्या, जळवात. औषधाच्या चिठ्ठीचा कागद पाठपोट भरला. पोटाच्या दुखण्याला आपल्याकडे एवढे शब्द नाहीत. कारण सरळ आहे. पोट आत असते, कातडी डोळ्यांसमोर असते. ज्यांनी ही नावे ठेवली ते वैद्य असतील-नसतील, पण त्यांनी नीट पाहिले होते. वळण घेत जाणारी फोडांची ओळ पाहिल्याखेरीज ‘नागीण’ हा शब्द सुचत नाही.

आज माझ्यासमोर बसणारा माणूस काय दिसले ते सांगत नाही, काय लावले ते सांगतो. “डॉक्टर, आधी खोबरेल लावलं, मग कडुनिंब वाटून लावला, मग मेडिकलमधनं ट्यूब आणली, त्यानं कमी आलं बघा, पण परत उठलं. मग शेजारच्या वहिनींनी त्यांची ट्यूब दिली.” मी विचारतो, “लावायच्या आधी कसं दिसत होतं?” त्यावर बहुतेक वेळा उत्तर येते, “तसं काय बघितलं नाही की.” बेळगावात दवाखाना टाकून मला आता चाळीस वर्षे होत आली. या काळात मी जी बिघडलेली कातडी पाहिली, त्यातली बरीचशी रोगाने नव्हे, लावण्याने बिघडलेली होती.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. कातडीवर लिहायला बसलो की लेख माझ्याच गोळ्यांची जाहिरात होण्याचा धोका असतो. म्हणून माझ्या गोळ्यांबद्दल येथे बोलत नाही. घरातल्या माणसाने काय पाहावे आणि कोणत्या वेळी माझ्यासकट कोणाचीही वाट न पाहता इस्पितळ गाठावे, एवढेच सांगतो.

पाहायचे ते दिवसाच्या उजेडात, खिडकीशी. ट्यूबलाइटखाली कातडीचा रंग फसवतो. आणि सगळे अंग पाहायचे, दाखवायची लाज वाटते ते भागही. आमच्या कॉलेजात जी इंग्रजी पुस्तके होती, त्यांतले रुग्ण गोरेपान, गुलाबी. पुस्तकात ‘लाल चट्टा’ म्हटलेला असे. आपल्या सावळ्या अंगावर तोच चट्टा जांभळट, तपकिरी, कधी नुसता काळपट दिसतो. लाली नाही म्हणून दाह नाही असे समजू नका. हाताच्या पाठीने स्पर्श करून गरम लागते का पाहा आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून बघा.

मग आकार. शरीर आतून जे पुरळ काढते, त्याला सहसा सरळ रेघ नसते. सरळ कड, चौकोन, पट्टा, गोल टिकली असा आकार दिसला की समजावे, बाहेरून काहीतरी लागले आहे. घड्याळाचा पट्टा, चपलेचा अंगठा, जीन्सचे धातूचे बटण, कानातली खोटी कुडी. कपाळावर टिकलीएवढीच जागा पांढरी पडलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्या. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने त्या जागेचा रंग जातो, आणि त्या लपवायला आणखी मोठी टिकली लावतात! केसांना काळा रंग लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या सुजून, कानामागे चिघळून येणारे माझ्या वयाचे गृहस्थ तर दर लग्नसराईत येतात. “दहा वर्षं हाच रंग लावतोय” असे ते सांगतात, आणि ते खरेच असते. अशी ॲलर्जी पहिल्या दिवशी होते असे नाही. वर्षानुवर्षे सोसलेली वस्तू कातडी एक दिवस नाकारते, आणि एकदा नाकारली की सहसा कायमची नाकारते.

आपल्या भागात यात बिब्ब्याचा मान मोठा. गुडघा धरला, लाव बिब्बा. टाचेत काटा मोडला, लाव बिब्बा. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडे, आणि तिघांचाही चीक कातडीला वैरी. चंदगड-खानापूरकडून काजूच्या हंगामात येणाऱ्या बायकांच्या बोटांची सालटी या टरफलातल्या तेलाने निघालेली असतात. मे महिन्यात पोरांच्या ओठांभोवती येणारे चट्टे हे आंबा ‘उष्ण’ पडल्यामुळे नव्हेत, देठाशी आलेला चीक न पुसता आंबा चोखल्यामुळे असतात. बिब्ब्याचा चटका काही वेळा लगेच कळत नाही. एक-दोन दिवसांनी जागा सुजते, पाणी सुटते, आणि घरचे म्हणतात, “बिब्ब्यानं आतलं ओढून बाहेर काढलं.” आतले काही बाहेर आलेले नसते. ती कातडी भाजलेली असते.

येथे माझ्याच पंथाबद्दल एक वाक्य बोलणे भाग आहे. ‘बाहेर आलेले दाबू नये’, ‘आधी वाढते, मग कमी होते’ ही वाक्ये आमच्या दवाखान्यांत फार ऐकू येतात. मीही तरुणपणी ती सढळ हाताने वापरली. आता सांगतो, पुरळ वाढत चालले असेल आणि कोणीही, मी सुद्धा, ‘हे चांगले लक्षण आहे’ म्हणाला, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

अंगावर ‘पित्त उठणे’ हा शब्दप्रयोग तर घरोघरी. त्याचा यकृतातल्या पित्ताशी संबंध नाही. कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात, त्याने गांधी उठतात. आमसुलाचे पाणी लावले तर बिघडत काही नाही. पण ओळखायची युक्ती साधी आहे. एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहून ठेवा. पित्ताची गांधी चोवीस तासांच्या आत त्या रेघेतून नाहीशी होते, दुसरीकडे नवी उठते. तीच गांधी दुसऱ्या दिवशीही त्याच जागी ठाण मांडून असेल, खाजेपेक्षा दुखत असेल आणि जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर ते साधे पित्त नव्हे. डॉक्टरांना दाखवावे. आणि गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास अडू लागला, चक्कर आली, तर पेन-बिन ठेवा आणि जे जवळ असेल ते इस्पितळ गाठा. तेथे ॲड्रिनॅलिनच्या इंजेक्शनचे काम असते, आमसुलाचे नव्हे.

पेनची रेघ आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. पायावर, बहुधा एकाच, कातडी लाल-काळपट, गरम, ताणलेली आणि दुखरी झाली, थंडी वाजून ताप आला की ते धावरे. नावातच धावणे आहे. कडेने रेघ मारा. काही तासांत लाली रेघ ओलांडून गेली तर सकाळची वाट पाहू नका. घरात मधुमेही असेल तर मुळीच नको.

आता नागीण. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही भीती मी शिकलेल्या घरांतही पाहिली आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मणक्याच्या कडेला मज्जातंतूंची मुळे असतात, तेथे तो पन्नास-साठ वर्षे निजून राहतो. वय झाले, मधुमेह आला, मोठे आजारपण झाले की जागा होऊन एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो. हा तंतू पाठीच्या कण्यातून निघून अर्ध्याच अंगाला वळसा घालतो आणि पोटाच्या मधल्या रेघेशी संपतो. दुसऱ्या बाजूचा तंतू वेगळा. म्हणून नागीण एकाच बाजूला येते आणि मधली रेघ सहसा ओलांडत नाही. तोंड-शेपूट जुळायला वाटच नाही. क्वचित दोन्हीकडे उठलीच, तर ती काही जुळल्यामुळे मारत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे एवढे ती सांगते, आणि ते तपासायला हवे.

खरा धोका वेळेचा आहे. फोड यायच्या दोन-तीन दिवस आधी नुसती आग होते, ठणका लागतो. छातीच्या डाव्या बाजूला लागला तर माणूस हृदयाचा म्हणून धावतो, कमरेत लागला तर मुतखडा म्हणतो. मग फोडांची जुडी उठते. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो. नेमके हेच तीन दिवस आपण गेरू लावण्यात आणि नागीण उतरवणाऱ्याकडे जाण्यात घालवतो. फोड दोन-तीन आठवड्यांत कोणी काही न करताही वाळतात, म्हणून उतरवणाऱ्याचे नाव होते. मागे राहणारा ठणका, जो म्हातारपणी महिनोन्‌महिने झोपू देत नाही, तो घेऊन माणूस त्याच्याकडे जात नाही, आमच्याकडे येतो. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचे. नाकाच्या शेंड्याचा आणि डोळ्याच्या आतला तंतू एकाच फांदीचा असतो. नागिणीचा रुग्ण तीन दिवसांच्या आत माझ्याकडे आला तर मी त्याला माझ्या गोळ्यांवर थांबवून ठेवत नाही, चिठ्ठी देऊन पुढे पाठवतो. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आता आपल्याकडे मिळते.

पावसाळ्यात मात्र नागीण म्हणून येणाऱ्यांतले कितीतरी जण नागिणीचे नसतातच. दिव्याभोवती येणारा एक बारीक, लांबट, काळा-नारिंगी किडा मानेवर बसतो, आपण झोपेत तो चिरडतो, आणि सकाळी भाजल्यासारखी रेघ उठते. आधी ठणका नसतो. कोपराच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन सारखे डाग उमटतात, शाईच्या ठशासारखे. किडा चिरडू नये, फुंकून उडवावा. चिरडला गेलाच तर जागा साबणाने धुवावी.

ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला तो नायटा. पूर्वी नायटा हे उन्हाळ्याचे, एका माणसाचे, दोन-चार आठवड्यांत मिटणारे प्रकरण होते. गेल्या दहा-बारा वर्षांत घरेच्या घरे नायट्याने भरलेली पाहतो. जांघेत, कमरेला परकराची नाडी बसते तेथे, काखेत, आणि आता चेहऱ्यावरही. खरा नायटा ओळखायला सोपा असतो. कड उठावदार, पुटकुळ्यांची, खवल्यांची, मध्ये कातडी निवळत आलेली, आणि वर्तुळ बाहेर सरकत जाते. पण तो आता तसा दिसतच नाही, कारण माझ्यापर्यंत येण्याआधी त्याला ट्यूब लागलेली असते.

मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की जी मिळते तिच्यात बऱ्याचदा तीन-चार औषधे एकत्र असतात. एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे आणि एक स्टेरॉइड, तेही अनेकदा सर्वांत जोरकस. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसबाला, ॲलर्जीला ते योग्य मात्रेत, मोजून दिवस लावले तर उत्तम. पण ते कातडीचा प्रतिकार थंड करते. नायट्यावर लावले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आपण खूश. बुरशीला मात्र कोणी अडवायला उरत नाही. ट्यूब बंद केली की दुप्पट उठते. पुन्हा लावतो. वर्तुळाची कड पुसली जाते, वर्तुळात वर्तुळे येतात, आणि पुढे पाहणाऱ्या डॉक्टरलाही हा नायटा होता हे कळेनासे होते. वर्षभर लावणाऱ्यांच्या जांघेत जांभळे पट्टे पडतात, गरोदर पोटावर पडतात तसे, आणि ते कायमचे राहतात. चेहऱ्यावर गोरे होण्यासाठी हीच ट्यूब लावणाऱ्या मुलींची कातडी पातळ होऊन उन्हात निघाल्या की आग होते. केंद्र सरकारने 2018 मध्ये ही स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत घातली. चिठ्ठी मागणारे दुकान तुमच्या गल्लीत आहे का, ते तुम्हीच पाहा.

या सगळ्यात बुरशीही शहाणी झाली. नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या एका जातीचे 2020 मध्ये जपानी संशोधकांनी नामकरण केले, आणि नाव ठेवले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात आपला देश आहे. असा मान नको होता.

म्हणून नायट्याची शंका आली तर काहीही न लावता दाखवा. कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी मिनिटांत होते. घरात आणखी कोणाला आहे का ते लाज सोडून विचारा, कारण एकट्यावर उपचार करून तो जात नाही. टॉवेल वेगळा, आतले कपडे सुती, सैल, गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवलेले. आपल्या पावसाळ्यात ते अवघड, तर इस्त्री फिरवा. आणि दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा. बहुतेकांचा नायटा येथेच परत येतो.

खरजेचे थोडक्यात. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, आणि घरात एकापेक्षा जास्त जण खाजवणारे. मलम मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, घरातल्या सर्वांनी, एकाच रात्री लावायचे, आठवड्याने पुन्हा. आमच्या समाजातल्या एका आजींनी मला अडवले होते. “डॉक्टर, त्यात जीव असतो म्हणता. मग मला नको, पोरांना लाव.” पोरांना लावले, खरूज गेली, महिन्यात परत आली. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी त्यांनी नातवाचा ओरबाडून रक्त आलेला हात पाहिला, गप्प बसून ट्यूब घेतली आणि लावल्यावर प्रतिक्रमणाला बसल्या. मला त्यावर काही बोलावेसे वाटले नाही.

तापाबरोबर पुरळ असेल तर काचेचा पारदर्शक पेला घ्या आणि पुरळावर दाबा. दाबल्यावर रंग पुसला गेला तर घाई थोडी कमी. काचेखाली ठिपके तसेच दिसत राहिले तर रक्त कातडीत झिरपले आहे. डेंग्यूत हे होते, मेंदूच्या आवरणाच्या संसर्गातही होते. तासांचा प्रश्न असतो. दुसरे, नवे औषध सुरू केल्यावर दोन महिन्यांच्या आत, म्हणजे फिट्सचे, गाउटचे, सल्फाचे किंवा कोणतेही, अंगावर पुरळ आले आणि त्याबरोबर ताप, तोंडात-डोळ्यांत व्रण, कातडीला हात लावला तरी दुखणे, फोड, सालटे निघणे यांतले काहीही असेल, तर ते औषध थांबवून थेट मोठ्या इस्पितळात. जाताना घरातली सगळी पाकिटे न्या. आयुर्वेदाची, जिममधली पावडर आणि माझ्या बाटल्याही.

शेवटी चट्ट्याबद्दल. यात चूक माझी आहे.

1988 साल असेल. वडगावचा एक विणकर माझ्याकडे येत असे, तिशीतला. उजव्या हाताला, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा. खाज नाही, दुखणे नाही. मी खिडकीशी नेऊनही पाहिले नाही. शिबे म्हणालो, पुड्या दिल्या. तो दर पंधरवड्याला येई, आठ महिने आला. चट्टा तेवढाच राहिला, मी औषध बदलत राहिलो. एक दिवस तो हसत म्हणाला, “काल चहा सांडला बघा ह्याच्यावर, भाजलं ते बायकोनं सांगितलं.” माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. कापसाचा धागा ओढून त्याचे डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावर फिरवला. त्याला कळले नाही. शेजारी फिरवला, कळले. कोपराच्या मागची शीर दोरीसारखी जाड लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट तोवर आत वळू लागले होते. मागाला बसणाऱ्याला तुटलेला धागा सांधायला ती बोटे लागतात.

चट्टा पाहताना नुसते पाहून भागत नाही, स्पर्शाने विचारावे लागते, हे मी त्या दिवशी शिकलो. शिब्यांच्या जागी खरवडले तर बारीक भुसा निघतो आणि स्पर्श शाबूत असतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, स्पर्श शाबूत. लहान मुलांच्या गालावरचे फिकट डाग, जे आपण जंतांवर ढकलतो, ते बहुतेक कोरड्या कातडीचे असतात. पण फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर घाम नाही, केस विरळ, आणि कापूस फिरवलेला कळत नाही, तर तो कुष्ठाचा समजून तपासून घ्यायचा. चेहऱ्यावर ही परीक्षा फसते, तेथे तज्ज्ञच पाहिजे. उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत, रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती जाते. माणसाला घराबाहेर काढायचे काही कारण नाही.

त्याने औषध पुरे केले, रोग गेला. बोटे सरळ झाली नाहीत. माग विकून त्याने किराणा दुकान काढले. मी त्याला खरे सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, डॉक्टर.” ठाऊक होते. कॉलेजात शिकवले होते. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला आणि दोन्ही मुलांना बोलावून मी खिडकीशी उभे केले आणि डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. तिघांच्याही अंगावर काही नव्हते.